वैशाख शुद्ध नवमी

आमच्या सुजयचं श्राद्ध यंदा कुठल्या तिथीला करायचं, हा विषय निघाला तेव्हा मी शमिकाच्या मागीलदारी बसून नारळ खवत होते. सात वर्षं हा प्रश्न पडला नव्हता. चक्रीवादळात बोट उलटली ती तेवीस मेला, म्हणजे वैशाख वद्य पंचमीला. दर वर्षी त्या पंचमीला आम्ही दोघी बहिणी भावासाठी पान वाढून ठेवायचो. पण गेल्या पावसाळ्यात कोर्टाने निकाल दिला, की सुजय वादळात गेलाच नाही. वादळाच्या अकरा दिवस आधी, बारा मेला, शांत समुद्रात त्याच्या मेव्हण्याने त्याला मारलं आणि बोट बुडवली. हा मेव्हणा म्हणजे शमिकाचा नवरा, रोशन मोंडकर. तो अटक झाल्यापासून तुरुंगात आहे.

मरणाची तारीख बदलली तर तिथीही बदलणार. शमिकाने भटजींकडून जुनं पंचांग बघून घेतलं होतं.

"ताई, भटजी म्हणतत त्या वर्साक बारा मेक शुद्ध नवमी होती," ती म्हणाली. "म्हणजे पुढचो रविवार. तुका सुट्टी आसा मां?"

मी हो म्हटलं आणि खवत राहिले. नवमी म्हणजे भांगेचं पाणी, भरती धड चढत नाही आणि ओहोटी धड उतरत नाही. आमचे बाबा भांगेच्या दिवसांत जाळी शिवायला बसायचे. असं काहीबाही डोक्यात घोळत असताना माझा हात एकदम थांबला. डोकं दुखतंय असं सांगून मी खोबरं अर्धवट टाकून उठले.

का उठले ते कळायला माझं काम सांगायला हवं. मी दर्शना कोयंडे. मालवणच्या किनारी न्यायवैद्यक प्रयोगशाळेत दगडी प्रवाळांची जात ओळखणं हा माझा हुद्दा. आमच्या वाडीत मला दगडवाली म्हणतात आणि ते काही खोटं नाही.

प्रवाळ हा दगड नव्हे, प्राणी. भाताच्या शिताएवढा पोकळ जीव, तोंडाभोवती बारीक बोटं. पाण्यातला चुना घेऊन तो स्वतःभोवती एक वाटी बांधतो. अशा हजारो वाट्या एकमेकींना चिकटल्या की आपल्याला दगड दिसतो. वाटीची भिंत दिवसादिवसाने चढते आणि प्रत्येक दिवसाच्या बांधकामाची एक रेष मागे राहते. डोळ्यांना ती दिसत नाही. बारा वर्षांपूर्वी रेषावाचक नावाचं यंत्र आलं. ते प्रवाळाचा एकेक थर उजेडाने जाळत जातं आणि रेषा मोजतं. शेवटी चिमूटभर चुना उरतो आणि कागदावर एक तारीख येते: या वस्तूवर प्रवाळाची अळी अमुक दिवशी येऊन बसली. म्हणजे ती वस्तू त्या दिवशी पाण्याखाली होती. चूक फार तर एका दिवसाची.

तोवर समुद्र इतका तापला होता की नाजूक जाती मरून गेल्या होत्या आणि उरलेल्या दोन-चार चिवट जाती दिसेल त्यावर बसत होत्या. बुडालेल्या बोटी, फेकलेली पिस्तुलं, दगड बांधून सोडलेली माणसं. गुन्हा करणाऱ्याला समुद्र फार सोयीचा होता, तो आता राहिला नाही. कोर्टं प्रवाळाची साक्ष मानू लागली आणि आम्हाला चांगले दिवस आले.

यात एकच अडचण होती. रेषा कुणाच्या आहेत ते आधी ठरवावं लागतं. आपल्याकडच्या चिवट जातींत दोन अगदी जुळ्या दिसतात. त्यांची लॅटिन नावं जिभेला झेपत नाहीत, म्हणून आम्ही त्यांना तारका आणि उपतारका म्हणतो. तारका उन्हावर बांधते, दिवसाला एक रेष. उपतारका उन्हावर बांधते आणि रात्री बोटं बाहेर काढून जे खाते त्यावरही बांधते, म्हणजे दिवसाला दोन रेषा. जात चुकली की वय दुप्पट होतं किंवा निम्मं. फरक ओळखायचा तो वाटीच्या तळाशी. तारकेच्या वाटीत मधोमध एकच खुंटी असते, उपतारकेच्या वाटीत तीन-चार कण. सूक्ष्मदर्शकाखाली दहा मिनिटं डोळे ताणून बघावं लागतं. मला हे शिकवणारे प्रभुदेसाई सर म्हणायचे, आधी बघ, मग नाव घे. सर गेले आणि मग यंत्रालाच फोटोवरून जात सांगायला शिकवलं गेलं. माझं काम उरलं सही करण्याचं.

नमुना क्रमांक तीनशे अठरा माझ्याकडे आला तो दोन वर्षांपूर्वीच्या मे महिन्याच्या शेवटी. आमच्याकडे नमुन्याला नाव नसतं, फक्त क्रमांक. ओळखीपाळखीची भानगड नको म्हणून तसा नियमच आहे. त्या दिवशी टेबलावर एक्केचाळीस नमुने होते. यंत्राने लिहिलं होतं: तारका, एकाहत्तर टक्के. सत्तरच्या वर असलं की सही करायची मुभा होती. सूक्ष्मदर्शक माझ्या डाव्या हाताला होता, हात लांब केला असता तर पोहोचला असता. मी सही केली आणि पुढचा घेतला.

तो नमुना ‘सातेरी कृपा’ या बोटीच्या नाळेवरून, म्हणजे पुढच्या टोकावरून काढलेला होता. म्हणजे माझ्या भावाच्या बोटीवरून. पाऊस तोंडावर असताना कुणाचं तरी जाळं निवतीच्या खडकांजवळ तळाला अडकलं आणि बोट सापडली. पाणबुड्याने नाळेवरच्या प्रवाळाचा अर्धा भाग फोडून वर आणला. रेषा भरल्या दोन हजार दोनशे आठ. दिवसाला एक धरली तर अळी बसली ती बारा मेला. रोशन आणि सुजय नऊ मेला निघाले होते. अकरा मेला बोटीचा माग दाखवणारं यंत्र बंद झालं होतं. आणि रोशन सहा वर्षं सांगत होता, की तेवीस तारखेच्या वादळात परत येताना बोट उलटली, सुजय हातातून सुटला आणि तो स्वतः डिझेलच्या रिकाम्या कॅनवर दोन दिवस तरंगून वेंगुर्ल्याला लागला.

माग दाखवणारं यंत्र आपणच बंद केलं, असं त्याने कबूल केलं. दोघं समुद्रातल्या राखीव उथळ भागात चोरून मासेमारी करत होते आणि परराज्यातल्या ट्रॉलरना समुद्रातच मासळी देत होते. म्हणून बारा मेनंतर त्यांना कुणी पाहिलं नाही, आणि ज्यांनी पाहिलं ते कोर्टात कशाला येतात. सरकारी वकील म्हणाले, अकराला यंत्र बंद, बाराला प्रवाळ बसलं, आणखी काय हवं. बोटीला खालून आधीच शेवाळ धरलेलं होतं, अळीला आयती जागा होती.

बोट आपलीच होती हे आम्हाला पोलीस घरी आल्यावर कळलं. त्या दिवशी शमिका माझ्या स्वयंपाकघरात ओट्याला धरून उभी होती. तिने मला एवढंच विचारलं, की तुमचं यंत्र चुकतं का.

"माणूस खोटा बोलात," मी म्हटलं. "प्रवाळ बोलत नाय."

तिने माझ्यावर विश्वास ठेवला. कुणावर ठेवणार, मी मोठी बहीण, घरातली शिकलेली. पोलिसांनी तिलाच फिर्यादी केलं आणि तिने कोर्टात सांगितलं, की निघताना त्या दोघांची बाचाबाची झाली होती. झाली होती खरी, बर्फ कुणी भरायचा यावरून. पण कोर्टात बर्फाचं कुणी विचारलं नाही. ती तुरुंगात एकदाच गेली, रोशनला सांगायला, की पुन्हा तोंड दाखवू नकोस. त्यानंतर आठ दिवसांनी रोशनने खुनाची कबुली दिली आणि मला जी थोडी धाकधूक होती तीही गेली.

आणि आता ही नवमी.

आपल्या समुद्रात तारका आणि उपतारका दोघीही वर्षातून एकदाच वितात. वैशाखी पौर्णिमा उलटली की दोन-तीन रात्रींत पाणी गुलाबी होतं आणि पौर्णिमेपासून चार-पाच दिवसांत अळ्या खाली बसतात. पौर्णिमेच्या आधी कधीच नाही. हे मी अकरा वर्षं पाण्यात उतरून स्वतः पाहिलं आहे, त्यावर निबंध लिहिला आहे. ‘बारा मे’ हे शब्द मी शंभर वेळा वाचले असतील आणि त्या दिवशी चंद्र कुठे होता असं एकदाही मनात आलं नाही. ऑफिसात तारीख आणि घरात तिथी अशी मी दोन पंचांगांवर जगत होते आणि त्यांची कधी गाठच पडू दिली नाही. बारा मेला शुद्ध नवमी होती, हे तांडेलाच्या, म्हणजे बोट हाकणाऱ्याच्या मुलीला मासळी विकणाऱ्या बहिणीकडून ऐकावं लागलं.

दुसऱ्या दिवशी मी कचेरीत जाऊन हिशेब मांडला. दोन हजार दोनशे आठचे निम्मे अकराशे चार. नमुना काढल्याच्या दिवसापासून अकराशे चार दिवस मागे गेलं की वीस मे येते, बोट बुडाल्यानंतर तीन वर्षांनी. त्या वर्षी पौर्णिमा सोळा मेची होती. चार दिवसांनी अळी बसली, अगदी नियमाप्रमाणे. तारखा इतक्या जुळल्या तो काही कावळा बसायला आणि फांदी मोडायला अशातला प्रकारही नव्हता. प्रवाळ वितं वैशाखात, वादळं येतात वैशाखात, आणि पावसाच्या आधी शेवटची जाळी पडतात तीही वैशाखात. तीन वर्षांची सहा वर्षं झाली की महिना तोच येणार.

फोटो पाहिला. वाटीचा तळ नेमका पुसट होता. नमुना जळून गेलेला.

तिसऱ्या दिवशी मी दाजी मेथरांना घेऊन निवतीला गेले. दाजी बाबांच्या बरोबरीचे तांडेल, त्यांनी कशाला म्हणून विचारलं नाही. मी नऊ वर्षं पाण्यात उतरले नव्हते. खाली अठरा मीटरवर पाणी ऊन लागत होतं, न्हाणीतल्यासारखं. बोट कुशीवर पडली होती आणि नाळेवर ‘कृपा’ एवढंच वाचता येत होतं. त्याच्या वर प्रवाळाचा उरलेला अर्धा तुकडा होता. यंदाच्या उन्हाळ्यात तो मेला होता आणि त्यावर हिरवं शेवाळ चढलं होतं. मला रडू आलं. पाण्याखाली रडणं फार गैरसोयीचं असतं, मुखवट्यात धड दिसत नाही. मी छिन्नी लावून तुकडा काढला. प्राणी मेला तरी त्याची वाटी राहते, आणि मला वाटीच हवी होती.

घरी आणून ब्लीचमध्ये टाकला. सकाळी स्वच्छ पांढरा झाला तेव्हा खिडकीशी बसून सरांचं जुनं भिंग डोळ्याला लावलं. पहिल्या वाटीत चार कण. दुसरीत तीन. मी साठ वाट्या बघितल्या. एकीतही खुंटी नव्हती. प्रत्येक वाटीला दहा मिनिटंसुद्धा लागली नाहीत.

प्रयोगशाळेच्या संचालकांनी माझं सगळं शांतपणे ऐकून घेतलं. मग म्हणाले, की हा तुकडा तुम्ही स्वतः काढलात, पंचनामा नाही, आणि आरोपी तुमच्या सख्ख्या बहिणीचा नवरा. कोर्ट काय समजेल ते तुम्हीच सांगा. त्यांचं चुकत नव्हतं. क्रमांकाआड आंधळेपणाने केलेली सही ग्राह्य होती, आणि डोळे उघडून बघितलेलं आता नात्यामुळे अग्राह्य होतं. शिवाय आरोपीची कबुली होती. कबुली असलेला खटला पुन्हा उघडायचा तर कायद्याप्रमाणे एकच वाट होती, फिर्यादीने स्वतः तसा अर्ज द्यायचा. मी न बघता सह्या केल्याचं लेखी निवेदन दिलं. त्यांनी ते घेऊन मला त्याच दिवशी घरी बसवलं. बाकीच्या खटल्यांचं बघू म्हणाले. ते किती आहेत हे त्यांना माझ्याइतकंच माहीत होतं.

फिर्यादी शमिका होती.

मी अर्ज टाइप करून तिच्याकडे नेला. ती बाजारातून आली होती, मासळीची टोपली धुऊन पालथी घालत होती. मी उभ्या उभ्या सगळं सांगितलं: नवमी, अळ्या, एक रेष, दोन रेषा, एकाहत्तर टक्के. माझी चूक आहे हे दोनदा सांगितलं. तिने टोपली भिंतीला टेकवली.

"तेव्हा तू बघूक नाय होतंस?"

"नाय."

"आणि आता बघलंस."

"हो."

"मगे ह्यां तरी खरां कशावरसून?"

मी भिंग बरोबर आणलं होतं. तुकडा काढून तिच्यासमोर धरला, स्वतः बघ म्हटलं, एवढंच आहे, मधे कण आहेत की खुंटी. तिने हात पुढे केला नाही. मग बोलली ते अगदी हळू, शेजारी ऐकणार नाहीत अशा बेताने.

"खुन्याची बायको म्हणान जगूक माका जमला, ताई. लोक दोन दिवस बोलले आणि गप ऱ्हवले. पण ज्येणां काय एक करूक नाय, त्या घोवाक मीच आत धाडलंय, ह्यां घेवन कसा जगतत तां माका म्हायत नाय. तू शिकवशीत?"

अर्ज मी तिच्या देव्हाऱ्याच्या कट्ट्यावर ठेवला. दुसऱ्या दिवशी तो माझ्या दाराच्या कडीत अडकवलेला मिळाला, घडी तशीच, खाली जागा कोरी. मला तिचा भयंकर राग आला. तिकडे एक माणूस फुकट कुजतोय आणि ही आपलं दुःख सांभाळत बसली आहे, असं मी मोठ्याने म्हणालेसुद्धा, रिकाम्या घरात. मग ते वाक्य कुणाला जास्त लागू पडतं ते ध्यानात आलं.

रविवारी नवमीला तिने श्राद्ध केलं. मी गेले नाही. त्यानंतरच्या मंगळवारी मी तुरुंगात रोशनला भेटायला गेले.

तो वाळला होता. केस पार पिकलेले, वय अजून बेचाळीस. जाळीच्या पलीकडे बसून त्याने माझं ऐकून घेतलं. चिडला नाही, याचंच मला भय वाटलं. दगडाला कोण खोटं पाडणार, कबूल कर, बारा वर्षांत सुटशील, असं वकिलाने सांगितलं म्हणून त्याने कबुली दिली, हे मी धरून चालले होते. तसं विचारलं तर त्याने मान हलवली.

"वकील म्हणालो तां खरां. पण म्हणान नाय दिलंय," तो म्हणाला. "शमिका येवन सांगून गेली तेव्हा माकाच वाटूक लागला. सुजयचो हात माझ्या हातात होतो, ताई. मी सोडलंय काय सुटलो, तां माका आजूनय म्हायत नाय. म्हटलां, एवढी सगळी मानसा सांगतत तर सोडलंय आसतलंय."

मी त्याला सांगितलं, की प्रवाळाला एवढंच कळतं की बोट कधी पाण्याखाली होती. हाताचं त्याला काही कळत नाही, आणि कुणालाच कळणार नाही. त्याने ते कितपत घेतलं देव जाणे. मग त्याने पहिल्यांदा माझ्याकडे नीट पाहिलं.

"शमिकान सही केल्यान?"

मी नाही म्हटलं. खोटं बोलायचं ठरवून गेले होते, पण आयुष्यात एकदा तरी जे बघितलं तेच सांगावं असं वाटलं. तो बोटाने जाळीचा गंज खरवडू लागला. निघताना म्हणाला, की तिच्यावर जोर करू नका.

पुढच्या आठवड्यातल्या गुरुवारी वद्य पंचमी होती. मी माझ्या घरी एकटीने पान वाढलं: वडे, काळ्या वाटाण्याचं सांबार, भात, खीर. भटजींना बोलावलं नव्हतं. एका माणसाचं एका महिन्यात दोनदा श्राद्ध कशाला, असं त्यांनी विचारलं असतं आणि मला सांगत बसावं लागलं असतं. पान परसात ठेवून मी पायरीवर बसले होते. फाटक वाजलं. शमिका आली होती, हातात डबा घेऊन.

डब्यात खापरोळी होती. सुजयला खापरोळी इतकी आवडायची, की लहानपणी तो नारळाचा गोड रस ताटातून थेट पिऊन टाकायचा. नवमीला तिने केली नव्हती, हे मला दाजींकडून कळलं होतं. तिने एक खापरोळी पानावर ठेवली, वर रस घातला, पदर सावरून नमस्कार केला. मग आम्ही दोघी जेवलो. ती पाऊस कधी येईल ते बोलली, सुरमईच्या टंचाईचं बोलली. मी हो-नाही करत होते आणि माझं सगळं लक्ष भिंतीकडे होतं. तिथे दिनदर्शिकेच्या खिळ्याला मी तो अर्ज लावून ठेवला होता आणि खाली खिडकीत पेन.

हात धुऊन येताना तिने तो पाहिला. जवळ जाऊन उभी राहिली. तिने वाचला, सगळा, खालच्या कोऱ्या जागेपर्यंत. मग डबा उचलला आणि चपला घातल्या.

"पुढल्या वर्सापासून पंचमीकच करूया," ती म्हणाली.

फाटकाला कडी घालून ती गेली. मी उठून बघितलं. पेन होतं तिथेच होतं.